तीस हर्ट्झ फुकट

खोपटला राहणाऱ्या माणसाला सबवूफर विकणं म्हणजे मालवणात जाऊन नारळ विकण्यासारखं आहे. आमची बिल्डिंग एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. पहाटे पावणेपाचला एखादी गाडी सुरू होते, ब्रेकसाठी हवेचं प्रेशर भरेपर्यंत जागच्या जागी घुरघुरत उभी राहते, आणि आमच्या हॉलच्या खिडकीच्या काचा थरथरायला लागतात. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन मिनिटाला सहाशे फेऱ्यांवर आयडल असेल तर सेकंदाला तीस ठोके पडतात. म्हणजे तीस हर्ट्झ. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तरीही या वर्षी बोनस आला आणि मला सबवूफर हवा झाला. दोष ऐरोलीच्या ऑफिसमधल्या एका मित्राचा. त्याच्या घरी सिनेमा बघायला गेलो होतो. स्फोट झाला तेव्हा सोफा हलला, राव! परतीच्या लोकलमध्ये मी हिशोब करून टाकला. बजेट तीस हजार. त्यात दोन स्पीकर, एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर पोटात असलेला, म्हणजे पॉवर्ड, सबवूफर.

घरात मात्र प्रश्न वेगळाच होता. बाबांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. जुन्या गाड्यांमध्ये इंजिन पुढे असायचं, त्याचं बॉनेट ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्याशी. रोज आठ-आठ तास त्याच्याशेजारी. आता टीव्हीचा आवाज साठच्या खाली येत नाही. आणि साठवर नेला तरी बाबांचं एकच वाक्य, ‘‘ऐकू येतं गं, कळत नाही.’’ कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला होता. खर्जाकडची रेघ ठीकठाक, पुढे चार हजार हर्ट्झच्या आसपास ती घाट उतरल्यासारखी खाली. आवाजानं गेलेला कान असाच जातो, वरच्या पट्टीकडून. आणि भाषेतली स, श, च, फ ही मंडळी वरच्याच मजल्यावर राहतात. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. ‘सात’ आणि ‘हात’ एकच. मशीन लावायचं नाव काढलं की बाबा पेपर उघडतात.

परिणाम काय, तर आई तिची मालिका आतल्या खोलीत मोबाइलवर, इअरफोन लावून बघते. चाळीस वर्षं एका टीव्हीसमोर भांडलेली माणसं आता दोन खोल्यांत. बाबा बाहेर एकटे, आणि विनोद झाला की आतून आई हसल्याचा आवाज येतो, मग ते हसतात. हे मला बोनसच्या आधी का दिसलं नाही, कोण जाणे.

असो. खरेदी.

पहिला मुक्काम अर्थातच लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर कोणीही तुम्हाला त्या नावानं पत्ता सांगणार नाही. एका दुकानात विक्रेत्यानं आधी माझ्या मागे पाहिलं, सोबत कोणी ‘साहेब’ आहेत का म्हणून. नव्हते. मग त्यानं निळ्या लाइटवाला टू पॉइंट वन सेट लावला आणि एक गाणं वाजवलं, ज्यात फक्त बेसच होता. ‘‘दहा हजार वॉट, मॅडम.’’ मी विचारलं, आरएमएस किती? तो चहा मागवायला गेला.

तुम्हीही हे विचारा. खोक्यावरचा ‘पीक’ किंवा पूर्वी ज्याला पीएमपीओ म्हणायचे तो आकडा म्हणजे लग्नाच्या बायोडेटातलं ‘गोरीपान’. कामाचा आकडा आरएमएस, म्हणजे जो अ‍ॅम्प्लिफायर सतत देऊ शकतो. आणि त्यातही गंमत अशी की पॉवर दुप्पट केली तर आवाज फक्त तीन डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दहापट पॉवर लागते. त्यामुळे चाळीस वॉट की साठ वॉट यावर रात्र जागवू नका. दहा बाय बाराच्या हॉलला दोन्ही पुरून उरतात.

त्या सेटची खरी गोची वेगळी. डाव्या-उजव्या डब्या इतक्या छोट्या की खालचे सूर त्यांना झेपतच नाहीत. मग सबवूफरला वरपर्यंत चढवतात, दीडशे-दोनशे हर्ट्झपर्यंत. तिथे पुरुषाचा आवाज राहतो. म्हणजे बातम्या देणाऱ्याचं अर्धं तोंड टीव्हीखाली आणि अर्धं सोफ्यामागे. सबवूफर कुठे ठेवलाय हे डोळे मिटून सांगता आलं, तर तो सेट नापास. साधारण ऐंशी हर्ट्झच्या खाली कानाला दिशा नीटशी कळत नाही, म्हणून सबवूफर आणि स्पीकर यांच्यातली हद्द, म्हणजे क्रॉसओव्हर, तिथे ठेवतात. त्यासाठी स्पीकरही तिथपर्यंत उतरणारे हवेत. पाच-सव्वापाच इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर ते बऱ्यापैकी करतात.

साउंडबारही ऐकला. दिसायला झकास, वायरींचा पसारा नाही, भिंतीला चिकटतो. भाड्याच्या घरात राहत असाल आणि फक्त सिनेमे बघत असाल तर खुशाल घ्या. मला त्यात तबला ऐकताना डग्ग्याची घुमक आणि चाटीचा टणत्कार एकाच माणसाचे वाटले नाहीत. शिवाय जोडीचे स्पीकर घेतले की अ‍ॅम्प्लिफायर आज, सबवूफर पुढच्या दिवाळीत, असं हप्त्याहप्त्यानं जमवता येतं. ईएमआयवर जगणाऱ्या आपल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको.

तिसऱ्या दुकानात बुकशेल्फची जोडी आवडली. तिथल्या माणसानं स्वतःच मला सांगितलं, ‘‘आधी गाणं नको, माणूस बोलताना ऐका.’’ याला मोठी परंपरा आहे. बीबीसीच्या इंजिनिअरांनी १९७०च्या दशकात एलएस थ्री फाइव्ह-ए नावाचा छोटासा स्पीकर तयार केला, तो बाहेरच्या कार्यक्रमांसाठी फिरणाऱ्या गाडीत, दाटीवाटीच्या जागेत बसावा म्हणून. तो पारखताना त्यांचा भर माणसाच्या बोलण्यावर होता. कारण व्हायोलिन कसं वाजतं यावर वाद होऊ शकतो, पण माणसाचा आवाज कसा असतो हे प्रत्येकाला ठाऊक असतं. गाडीत बसणारा, बोलणं स्वच्छ सांगणारा डबा. मला तिथेच बाबा आठवले.

घरी आणल्यावर परीक्षा सुरू. मी लावली पु.लं.ची ‘म्हैस’. एसटी, कोकणचा रस्ता आणि आडवी आलेली म्हैस, ड्रायव्हरच्या घरात याहून योग्य काय असणार? बाबा पहिल्या मिनिटापासून हसत होते. मीही खूश. मग आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘त्यांना ती पाठ आहे. आवाज बंद केलास तरी हसतील.’’

बरोबरच होतं. पाठ असलेली गोष्ट लावून कान तपासता येत नाही. म्हणून मी मोबाइलवर वीस शब्द रेकॉर्ड केले: सात, हात, चार, फार, साप, माप असे, उलटसुलट क्रमानं. बाबांना वही-पेन दिलं. टीव्हीच्या स्पीकरवर वीसपैकी नऊ बरोबर. नवलाचं काही नाही. आजकालचे टीव्ही इतके सडपातळ की त्यांचे स्पीकर खाली नाहीतर भिंतीकडे तोंड करून बसवलेले असतात. नव्या स्पीकरवर, टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या उंचीवर ठेवून: चौदा. मग मी मोठ्या ऐटीत सबवूफर चालू केला. दहा.

दहा! बारा हजारांची वस्तू आणि चार शब्द वजा.

याचं कारण कळायला दोन संध्याकाळी गेल्या. एक तर खालचा सूर वरच्या सुराला झाकतो, वरचा खालच्याला तितका नाही. पावसात पत्र्याखाली बोलून बघा, तसंच. आणि दुसरं म्हणजे खोली. आमच्या हॉलची दहा फुटांची बाजू छप्पन हर्ट्झला घुमते, बारा फुटांची सत्तेचाळीसला. ही घुमक भिंतीशी सगळ्यात जास्त आणि खोलीच्या मध्यावर सगळ्यात कमी असते. बाबांची खुर्ची कुठे? भिंतीला टेकून. सबवूफर कुठे? कोपऱ्यात. म्हणजे दोघंही नेमके वाईट जागी.

यावर एक जुना उपाय आहे आणि तो फुकट आहे. सबवूफर ऐकणाऱ्याच्या खुर्चीत ठेवायचा, बेस गिटारचं एखादं गाणं लावायचं आणि आपण जमिनीवर रांगत हॉलभर फिरायचं. जिथे प्रत्येक सूर सारखा ऐकू येतो, तिथे सबवूफरची जागा. मी बत्तीस वर्षांची बाई चार पायांवर रांगतेय, खुर्चीत एक काळा डबा बसलाय आणि दारात खालच्या मजल्यावरच्या काकू उभ्या. त्या आवाजाची तक्रार घेऊन आल्या होत्या, ते दृश्य बघून विसरल्या.

तक्रार मात्र खरी होती. त्यांची नात दहावीला आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल. मोबाइलवरच्या मीटरनं मी हद्दीत होते. पण हा मीटर ज्या ‘ए’ मापात मोजतो, त्यात पन्नास हर्ट्झचा आवाज जवळजवळ तीस डेसिबलनं कमी धरला जातो. म्हणजे मीटर म्हणतो शांतता, आणि काकूंच्या ताटातली वाटी थरथरते. बेस भिंत जुमानत नाही. कायद्यानं मी बरोबर असले तरी जिन्यात त्या रोज भेटणार आहेत.

शेवटी सबवूफर कोपऱ्यातून काढून टीव्हीच्या डाव्या अंगाला, भिंतीपासून जरा पुढे, खाली जाड रबरी चटई. क्रॉसओव्हर ऐंशीवर. मागचं फेजचं बटण दोन्हीकडे करून जिकडे आवाज भरीव वाटला तिकडे. आणि व्हॉल्यूम मला आवडतो त्याच्या खाली, मग बाबांच्या वहीप्रमाणे आणखी दोन खुणा खाली. बाबांची खुर्ची भिंतीपासून दीड फूट पुढे आली. यावर आईशी वेगळी बोलणी करावी लागली, कारण मागून झाडू फिरवायला जागा झाली ही तिची अट मला आयतीच मान्य होती. आकडा: वीसपैकी पंधरा. सबवूफरनं खालचं ओझं उचलल्यावर छोटे स्पीकर जरा मोकळे बोलतात, तेवढा एक शब्द त्याचा.

आणि ‘सैराट’? हो, लावलाच. अजय-अतुलनं त्यातला वाद्यवृंद कॅलिफोर्नियात, सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड केला होता; तंतुवाद्यांची भिंतच्या भिंत उभी राहते. टू पॉइंट वनवर तो नुसता गलका होता. इथे चेलो आणि ढोल वेगवेगळे मोजता आले. सोफा हलला नाही. मित्राच्या घरचा हलला होता, तो बहुधा एकाच सुरावर हलत होता.

रात्री दहाला सबवूफर बंद. नातीच्या परीक्षेपर्यंत नऊला.

पंधरा म्हणजे वीस नव्हे, हे बाबांना वहीत स्वतःच्या अक्षरात दिसलं. ‘फार’च्या जागी ‘पार’ लिहिलेलं ते बराच वेळ बघत होते. मी काहीच बोलले नाही. दोन दिवसांनी त्यांनीच विचारलं, ‘‘ते मशीन दोन्ही कानांना घ्यावं लागतं का गं?’’ डॉक्टरांची वेळ शनिवारची मिळाली आहे.

परवा पहाटे पाणी प्यायला उठले तर ते हॉलमध्ये अंधारात बसलेले. काचा थरथरत होत्या. मला वाटलं, सबवूफर चालू राहिला. लाल दिवा बघायला वाकले, तर बाबा म्हणाले, ‘‘तुझा डबा नाही तो. तो इतका खाली जात नाही.’’ आठ इंची सबवूफर चाळिसाच्या आसपास दम टाकतो, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी खिडकीच्या चौकटीवर तळवा ठेवला. ‘‘लांबची गाडी आहे. प्रेशर भरतोय. आता सुटेल.’’

सुटली.