सहलीत चूल नको

गेल्या वर्षी सहलीहून परतलो तेव्हा शेजारच्या आपांनी आमच्यातल्या एका भाभींना विचारलं, "समुद्र कसा होता?"

भाभी म्हणाल्या, "आवाज येत होता."

आम्ही सगळे हसलो. घरी जाऊन विचार केला तेव्हा मात्र हसू आलं नाही, कारण भाभींनी थट्टा केलीच नव्हती. अलिबागजवळ आम्ही बंगला भाड्याने घेतला होता. समुद्र शंभर पावलांवर होता. बंगल्यात स्वयंपाकघर आहे, म्हणजे पैसे वाचतील आणि हलाल-हरामची काळजी राहणार नाही, असा आमचा हिशेब. सात घरं, ३१ माणसं, दोन दिवसांत पाच वेळचा स्वयंपाक. पुरुष आणि मुलं पाण्यात, बायका कांदा-लसणात. घरी निदान चारपाच जणांचं करावं लागतं, तिथे ३१ जणांचं करावं लागलं. सहलीला गेलो आम्ही सगळे, पण सहल झाली निम्म्यांचीच.

या वर्षी ठरवलं की जेवणासकट समुद्रकाठच्या हॉटेलात राहायचं. लगेच दोन हरकती निघाल्या. एक पैशाची, दुसरी हलालची. दोन्ही खऱ्या होत्या, म्हणून दोन्हींवर नीट बसून बोललो.

पैशासाठी भिशी सुरू केली. दहा महिने प्रत्येक घराने माणसांच्या हिशेबाने थोडी थोडी रक्कम टाकायची. आमच्यात एक खाला आहेत. खालू गेल्यापासून शिवणकामावर घर चालवतात. "तुमचे आम्ही भरतो" असं कोणी म्हटलं असतं तर त्या आल्याच नसत्या. भिशीमुळे त्यांनी आपला हिस्सा स्वतः भरला आणि मान ताठ ठेवून बसमध्ये बसल्या. गेल्या वर्षीचा गॅस, भाड्याची भांडी, मटण, मसाले आणि उरून परत आणलेला तांदूळ यांचा हिशेब मांडला, तेव्हा हॉटेलचं जेवण आम्ही समजत होतो तेवढं महागही निघालं नाही.

हलालसाठी फोनवरच विचारपूस केली. मुरूड-जंजिरा निवडायचं कारणही तेच. १९४८ पर्यंत हे सिद्दी नवाबांचं संस्थान होतं. गावात आपली वस्ती आहे, मशिदी आहेत, हलाल मटण सहज मिळतं. मालकांना सांगितलं, मटण-चिकन अमुक प्रकारच्या दुकानातूनच आणा, भांडी आणि तेल वेगळं ठेवा. ते कबूल झाले. उरली मासळी, तिला जबह लागत नाही. फक्त एक गंमत झाली. आमच्यातली कोकणी घरं शाफई, बाकीची हनफी. चिंबोऱ्यांचं ताट आलं तेव्हा अर्धं टेबल त्यावर तुटून पडलं आणि अर्ध्याने सुरमईकडे तोंड फिरवलं. कोणी कोणाला मसला शिकवायला गेलं नाही, हे विशेष.

कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला समुद्र लांबच. २०१४ साली पालघर वेगळा जिल्हा झाला आणि केळवे, डहाणूचे किनारे ठाणे जिल्ह्यातून गेले. आपल्या वाट्याला उल्हास नदी आणि खाडी. म्हणून फजरनंतर दूधनाक्यावरून बस सुटली, भिवंडीची दोन घरं आधीच येऊन थांबली होती, मुंब्र्याची मंडळी शिळफाट्याला चढली. पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग करत रेवदंड्याची खाडी ओलांडली आणि काशीदनंतर डोंगर उतरताना सगळी बस एका खिडकीकडे झुकली.

तिघे प्रवासाला निघाले तर त्यांनी एकाला अमीर करावं, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. आम्ही तर ३१. एसटीतून निवृत्त झालेल्या एका चाचांना अमीर केलं. त्यांनी पहिलं काम केलं ते कोळीवाड्यात जाऊन भरती-ओहोटीच्या वेळा विचारण्याचं. या वेळा रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतात. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे चांदाच्या पहिल्या आणि चौदा-पंधरा तारखांना, उधाण असतं. ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं. याच मुरूडच्या किनाऱ्यावर १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले दहाहून अधिक विद्यार्थी बुडाले होते. चाचांनी ते मुलांना सांगितलं आणि नियम घातला : ओहोटीत पाण्यात नाही, मगरिबनंतर पाण्यात नाही, गुडघ्याच्या वर नाही. तरुण मुलांनी तोंडं वाकडी केली. पण अमीर मानला की ऐकावं लागतं.

दुपारी जेवण झालं. ताटं उचलायला नेहमीच्या सवयीने दोन भाभी उठल्या आणि परत बसल्या. काय करावं हे त्यांना सुचेना. खोटं वाटेल, पण जेवण झाल्यावर रिकामं बसणंसुद्धा शिकावं लागतं.

हॉटेलच्या अंगणात हिरव्या गालिच्याचा एक लांबट तुकडा पसरलेला होता. त्यात नऊ भोकं, बाजूला काठ्या आणि पांढरे चेंडू. पाटीवर लिहिलं होतं 'मिनी गोल्फ'. गोल्फ म्हणजे साहेबांचा खेळ. कोलकात्यात त्याचा क्लब १८२९ पासून आहे, आपल्या चेंबूरला १९२७ पासून. खऱ्या मैदानावर १८ भोकं असतात आणि एक डाव खेळायला कित्येक मैल चालावं लागतं. त्या भिंतींच्या आत आपल्यातलं कोण कशाला जाईल? इथे मात्र काठी कोणीही उचलावी अशी ठेवलेली.

मुलांनी आधी क्रिकेटसारखे फटके मारून चेंडू झुडपात घालवले. मग हॉटेलातल्या एका पोराने समजावलं : जोर नको, ज्याचे फटके कमी तो जिंकला. खाला बाजूला बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे घरखर्चच की! कमीत कमीत भागवेल तो जिंकला." उठल्या, बुरख्याची बाही मागे सारली, वाकून नीट नेम धरला. चेंडू हळूच गेला आणि भोकात पडला. एकाच फटक्यात. मुलांनी जो गलका केला त्याने खाला स्वतःच दचकल्या. त्यानंतर असरची अजान होईपर्यंत काठी बायकांच्या हातून सुटली नाही. पंधरा-वीस वर्षं ज्यांना ओळखतो, त्या भाभी अशा खदखदून हसतात हे आम्हाला माहीतच नव्हतं.

संध्याकाळी त्याच भाभी चपला हातात धरून ओल्या वाळूतून लांबपर्यंत चालत गेल्या. कोणी त्यांना हाक मारली नाही. मारायचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा-नाश्ता मुलांनी आणून वाढला. घरातलं काम करणं ही पैगंबरांची सुन्नत आहे. हजरत आयेशा (रजि.) सांगत की ते घरच्यांच्या कामात हात लावत आणि नमाजची वेळ झाली की उठत. बयानात हे आपण ऐकतो. कप विसळायला मात्र हॉटेलात जावं लागलं, याची थोडी लाजही वाटली.

वाचक बंधू-भगिनींनो, आमच्या अनुभवातून चार गोष्टी. खर्च वर्षभरात भिशीने गोळा करा, म्हणजे कमी मिळकतीचं घर मागे राहणार नाही. हॉटेल ठरवण्याआधी मटण कुठून येतं, नमाजला जागा आहे का आणि पोहण्याचा तलाव बायकांना तासभर वेगळा मिळेल का, हे विचारा. आम्हाला सकाळी सात ते आठ मिळाला, विचारलं म्हणून मिळाला. भरती-ओहोटीची वेळ गावच्या कोळ्यांना विचारा आणि अमीर असा नेमा ज्याचं तरुण ऐकतील. आणि जागा ठरवताना पहिलं मत तिचं घ्या, जी वर्षभर घरात रांधते.

पुढच्या वर्षाची भिशी सुरू झाली आहे. पहिला हप्ता खालांनीच आणून दिला. म्हणाल्या, "जागा कुठलीही बघा. चूल नको."