साबण स्वस्त झाला, पाण्याचे काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये अंघोळीच्या साबणाच्या वडीवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. किराण्याच्या बिलात थोडी बचत झाली. परंतु परभणी जिल्ह्यात ज्या घरी बोअरचे पाणी वापरले जाते, तिथे साबणाचा खरा खर्च दुकानात नव्हे, बादलीत ठरतो. वडी भराभर झिजते, फेस धरत नाही, बादलीच्या कडेला पांढरट थर बसतो. दोष साबणाला दिला जातो आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीची वडी येते. कारण मात्र जमिनीखाली असते.

जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर वसला आहे. पावसाचे पाणी मुरताना मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातील कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जाते. हेच जड पाणी. शालेय पुस्तकातले ‘दुष्फेन’. या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि पाणी तापवण्याच्या भांड्याला आतून पापुद्रा धरतो. धरणाचे पाणी खडकाच्या सहवासात कमी राहते, म्हणून सहसा हलके असते. येलदरीच्या पाण्यात फेसाळणारी वडी बोअरच्या पाण्यात रुसते, ती यामुळेच.

साबण तयार होतो तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोड्यापासून. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे तेलाकडे. तेलाकडचे टोक तेलकट मळात रुतते, पाण्याकडचे टोक बाहेर राहते आणि मळ सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. जड पाण्यात मात्र पाण्याकडचे टोक कॅल्शियमच पकडतो आणि न विरघळणारा साका तयार होतो. पाण्यातला कॅल्शियम, मॅग्नेशियम संपेपर्यंत मळासाठी साबण उरतच नाही.

हिशेब सोपा आहे. पाण्याचा जडपणा लिटरला ३०० मिलिग्रॅम असेल, तर प्रत्येक लिटरमागे सुमारे १.८ ग्रॅम साबण साक्यात जातो. कपडे भिजवायला दहा लिटरची बादली भरली, तर १८ ग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅमच्या वडीचा जवळपास पाचवा हिस्सा, एकही डाग निघण्याआधी. करातली सवलत इथे सहज वाहून जाते.

प्रश्न केवळ पैशांचा नाही. फेस स्वतः जंतू मारत नाही. पण फेसच येत नसेल तर मोकळा साबण हातावर पोहोचलेला नसतो. करोनाच्या विषाणूचे स्निग्ध आवरण साबण फोडतो. जुलाबाच्या अनेक जंतूंना असे आवरण नसते; ते चोळून सुटे करावे लागतात आणि वाहत्या पाण्याने घालवावे लागतात. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील केवळ ३५.८ टक्के कुटुंबांत बहुतेक माणसे जेवणापूर्वी साबणाने हात धुतात, असे आढळले. शौचानंतर हे प्रमाण ७४.१ टक्के होते. आधीच सवय कमी, त्यात साबण लागतच नसेल आणि उन्हाळ्यात पाणी मोजून वापरायचे असेल, तर पहिली काटकसर हात धुण्यातच होते.

घरात करता येण्याजोगे बरेच आहे. हात ओले करून नळ बंद करावा किंवा तांब्या बाजूला ठेवावा, साबण थेट तळहातावर घासावा, बोटांच्या बेचक्यांसह वीस सेकंद चोळून मगच पाणी घ्यावे. थोडेच पाणी असले की थोडाच साबण वाया जातो. कपड्यांच्या पाण्यात आधी धुण्याचा सोडा टाकल्यास कॅल्शियम खाली बसतो. मात्र हा सोडा अंगाला लावू नये. डिटर्जंट पावडर जड पाण्यातही बऱ्यापैकी चालते. केसांसाठी आजीचा रिठा आजही उपयोगी आहे, कारण त्याचा फेस कॅल्शियमने मोडत नाही. पत्र्यावरून किंवा गच्चीवरून साठवलेले पावसाचे पाणी धुण्यासाठी उत्तम. तुरटीने गढूळपणा जातो आणि टीसीएलने जंतू मरतात. पण जडपणा दोन्हींनी कमी होत नाही.

उरलेले काम गावाचे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला जातो. जल जीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण आणि संच देण्याची तरतूद आहे, आणि त्या संचात जडपणाही मोजता येतो. तो आकडा वहीत न ठेवता प्रत्येक बोअरजवळ, शाळेत आणि अंगणवाडीत रंगवून लावला, तर कुठले पाणी कशाला वापरायचे हे घरोघरी ठरवता येईल. शाळेत हात धुण्याची जागा बांधताना नळ किती यासोबत नळाला पाणी कुठले, हेही विचारायला हवे. सरकारने वडी स्वस्त केली, हे चांगलेच झाले. ती हाताला लागेल असे पाणी देणे, हे त्याहून मोठे आरोग्याचे काम आहे.