माठाचा घाम आणि तांब्याचा घाम

या सदरात आम्ही एरवी शब्दांविषयी, म्हणींविषयी आणि फार तर शाळेतल्या मुलांविषयी लिहितो. या खेपेस विषय एका यंत्राचा आहे. वाचकांनी दचकू नये. यंत्राकडे जाण्याची आमची वाट स्वयंपाकघरातूनच गेली, आणि तीच वाट आम्ही वाचकांना दाखवणार आहोत.

आषाढातली संध्याकाळ होती. बाहेर पावसाची झिमझिम चालू होती आणि आत आम्ही घटक चाचणीच्या वेळापत्रकाशी झुंजत बसलो होतो. दारात एक ओली छत्री मिटली आणि पाठोपाठ "सर, आहात का?" असा आवाज आला. पाहतो तो आमचा वीस-बावीस वर्षांपूर्वीचा एक विद्यार्थी. वर्गात असताना आपल्या शुद्धलेखनाने त्याने आम्हांस छळले होते आणि आम्हीही तांबड्या शाईने त्याची सव्याज परतफेड केली होती. दहावीनंतर तो आय. टी. आय.मध्ये फिटरचे काम शिकला आणि आता शहरात नळजोडणीची मोठमोठी कामे घेतो, एवढे आमच्या कानावर होते.

मंडळींनी फ्रिजमधल्या पाण्याचा तांब्या आणि भांडे त्याच्यापुढे आणून ठेवले. त्याने त्याला हात लावला नाही.

"सर, एक अर्ज लिहून पाहिजे होता," तो म्हणाला. "माझ्या जोडातून पाणी गळतं म्हणतात. तीस हजार रुपये अडकवून ठेवलेत. पैशांचं एक असो, पण हे नाव पसरलं तर मला पुढे काम कोण देणार?"

प्रकरण असे होते. आमच्या हैदराबादेतील एका संस्थेने संगणकांसाठी पाण्याने थंड राहणारे एक कपाट आणले होते. त्याची नळजोडणी एका ठेकेदाराकडे होती आणि ठेकेदाराने ती आमच्या या विद्यार्थ्याकडे सोपवली होती. विजेच्या यंत्राच्या अंगाशी पाणी नेऊन ठेवायचे, ही कल्पनाच आम्हांस प्रथम विपरीत वाटली. विजेच्या दिव्याला ओला हात लावू नये, असे आम्ही मुलांना तीस वर्षे शिकवत आलो आहोत. तेव्हा अर्ज लिहिण्यापूर्वी आम्ही त्यालाच गुरू केले आणि आपण शिष्य झालो.

त्याने सांगितले ते असे. सर्व्हर नावाचे संगणक एका उभ्या कपाटात एकावर एक रचतात. या कपाटांचे माप जगभर ठरलेले आहे: आतील चौकटीची रुंदी १९ इंच, आणि प्रत्येक घराची उंची पावणेदोन इंच. अशी बहुधा ४२ घरे एका कपाटात असतात. संगणक जेवढी वीज घेतो तेवढी जवळजवळ सगळी अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. ते कपाट ३० किलोवॅटचे होते. म्हणजे एक-एक किलोवॅटच्या तीस शेगड्या एका कपाटात कोंबून रात्रंदिवस पेटत्या ठेवाव्यात, तसा हा प्रकार.

ही ऊब केवळ हवेने बाहेर काढायची, आणि हवा बारा अंशांहून अधिक तापू द्यायची नाही, असे ठरवले तर दर सेकंदाला सुमारे २,००० लिटर हवा त्या कपाटातून वाहवावी लागते. तेच काम पाणी सहा अंश तापून सेकंदाला सव्वा लिटरच्या आत करते. हवेच्या वादळाऐवजी पाण्याची एक धार, हे या सगळ्या खटाटोपाचे मूळ कारण आहे. कल्पनाही नवी नव्हे. १९८० साली आयबीएमने जाहीर केलेला ३०८१ हा मोठा संगणक पाण्यानेच थंड राखला जाई. आणि पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली सुरू झालेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात तर पाणी थेट गणकचिपेच्या पाठीशी नेले आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या कपाटात मात्र पाणी संगणकाला शिवत नाही. कपाटाच्या कडेला मोटारीच्या रेडिएटरसारखी नळ्यांची आणि पातळ पत्र्यांची जाळी असते. संगणकांच्या पाठीमागून निघालेली गरम हवा पंखे त्या जाळीतून ओढतात. ती निवते आणि पुन्हा संगणकांच्या तोंडाशी येते. कपाटाची दारे घट्ट बंद असतात. आतली हवा आतच फिरते, आणि बाहेर जाते ती फक्त पाण्यावर स्वार झालेली उष्णता.

"बसवायचं कसं?" आम्ही विचारले.

तेव्हा त्याच्या बोलण्याला धार आली. भरलेले कपाट एक टनाच्या पुढे जाऊ शकते, म्हणून आधी जमिनीचा भार तपासायचा. कपाट पाणसळीत उभे करून जमिनीशी पक्के करायचे. पाण्याचा येणारा आणि जाणारा असे दोन नळ शक्यतो खालून घ्यायचे, आणि प्रत्येकावर स्वतंत्र व्हॉल्व्ह ठेवायचा, म्हणजे एक कपाट दुरुस्तीला घेतले तरी शेजारची चालू राहतात. नळ जोडले की प्रथम ते धुवायचे. वेल्डिंगची खपली आणि रेती जाळीच्या बारीक नळ्यांत गेली तर ती कायमची अडकते. मग दाबाची परीक्षा: कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन रात्रभर ठेवायचे आणि सकाळी काटा पाहायचा. परीक्षा होईपर्यंत जोड उघडे ठेवायचे. फोमचे वेष्टण त्यानंतर. शेवटी गंज आणि शेवाळ रोखणारी औषधे घातलेले पाणी भरायचे आणि वरच्या टोकाच्या तोटीतून आतली हवा काढून टाकायची, कारण नळात अडकलेला हवेचा फुगा पाण्याची वाट अडवतो. कपाटातली जी घरे रिकामी असतील ती पत्र्याने झाकायची. नाहीतर गरम हवा त्या फटीतून पुढे येते आणि थंड हवेत मिसळते, मग पाणी कितीही गार असले तरी उपयोग नाही.

"मग चुकलं कुठे?"

"चुकलं नाही सर. घाई झाली. मी सहा किलोचा दाब दिला, रात्रभर ठेवला, काटा हलला नाही. दुसऱ्या दिवशी वेष्टण चढवायचं होतं. पण उद्घाटनाला पाहुणे यायचे म्हणून कुणीतरी दुपारीच दहा अंशाचं पाणी सोडून दिलं. खोलीच्या भिंतीचं भोक बुजवलेलं नव्हतं, पावसाळी हवा आत येत होती. तासाभरात जमिनीवर पाणी. गळतीची घंटा वाजली. सगळे म्हणाले, फिटरचा जोड गेला."

"आणि तुला काय वाटतं?"

त्याने उत्तर दिले नाही. समोरच्या तांब्याकडे बोट दाखवले. तांब्या बाहेरून घामाने डबडबला होता आणि टेबलावर त्याच्या तळाचे ओले वर्तुळ उमटले होते.

"हा तांब्या गळतोय का सर?"

वाचकहो, आम्ही जन्मभर तांब्यातले पाणी प्यालो. पण तांब्याचा घाम आणि माठाचा घाम हे दोन निराळे आहेत, याचा विचार त्या क्षणापर्यंत आम्ही केला नव्हता. माठाचा घाम आतून येतो. मातीच्या छिद्रांतून पाझरलेले पाणी उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्याची ऊब घेऊन जाते. तांब्याला छिद्र नाही. त्याचा घाम आतला नव्हेच; तो भोवतालच्या हवेतला. हवा गार पृष्ठभागाला टेकली की तिच्यातली वाफ तेथे दवासारखी जमते. हे दव कोणत्या तापमानाला जमू लागेल, ते हवेच्या ओलाव्यावर ठरते. २८ अंशांची आणि ७५ टक्के आर्द्रतेची पावसाळी हवा असेल तर २३ अंशांपर्यंत निवलेल्या कोणत्याही वस्तूवर दव धरते. मग दहा अंशांच्या उघड्या नळाची कथा काय सांगावी? खोली मात्र बंद करून हवा २४ अंशांवर आणि ५० टक्के आर्द्रतेवर आणली, की दवबिंदू १३ अंशांवर उतरतो.

"मी मधला नळ फडक्यानं पुसला, जिथं जोडच नाही तिथं," तो म्हणाला. "पाच मिनिटांत पुन्हा ओला. गळती असती तर एका ठिकाणी असती. पण हे मला त्यांच्यापुढं बोलून दाखवता आलं नाही."

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून अर्ज लिहिला. मुद्दे त्याचे, वाक्ये आमची. पहिला मुद्दा, दाबाचा काटा रात्रभर स्थिर होता. दुसरा, ओल सर्व गार पृष्ठभागांवर सारखी आहे, जोडांवर नाही. तिसरा, खोली बंद करून हवा कोरडी करावी, पाणी दहाऐवजी अठरा अंशांवर ठेवावे, आणि तरीही नळ ओला राहिला तर दोष फिटरचा समजावा. शेवटची अट आम्हांस धाडसाची वाटली. तो म्हणाला, "लिहा सर."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्यासोबत गेलो. तेथील अभियंत्याने अर्ज वाचला, क्षणभर थांबला, आणि भिंतीचे भोक बुजवण्यास सांगितले. दुपारपर्यंत खोली कोरडी झाली. पाणी अठरा अंशांवर आणले. नळ पुसले. आम्ही सगळे त्या नळांकडे टक लावून उभे होतो. एक तास गेला. नळ कोरडेच राहिले.

अशा कपाटांचा संसार चालवण्याचे पहिले सूत्र आम्ही तेथे शिकलो: अधिक गार म्हणजे अधिक चांगले नव्हे. संगणकाच्या तोंडाशी १८ ते २७ अंशांची हवा पुरते. पाणी खोलीच्या दवबिंदूपेक्षा दोन-तीन अंश वर ठेवावे. पाणी जितके कमी गार करावे लागेल तितकी चिलरची वीजही वाचते. दुसरे सूत्र असे की दार उगाच उघडू नये. पण पाणी थांबले तर दार उघडण्याची सोय हवी. बंद कपाटात तीस शेगड्यांची ऊब मोजक्या मिनिटांत संगणकांचा जीव घेईल. म्हणून पंप दोन असावेत, त्यांच्या पाठीशी बॅटरीची वीज असावी, आणि काही कपाटांची दारे तर अशा वेळी आपोआप उघडतात. तिसरे, गाळणी ठरल्या वेळी धुवावी आणि पाण्यातले औषध तपासावे.

निघताना आम्ही अभियंत्याला एक प्रश्न विचारला. तो आमच्या मनात कितीतरी दिवस होता. उन्हाळ्यात आमच्या शाळेच्या टाकीत टँकरने पाणी भरावे लागते, आणि पालकसभेत कोणी ना कोणी म्हणतोच की सारे पाणी ही संगणककेंद्रे पिऊन टाकतात. खरे काय?

त्याने प्रामाणिक उत्तर दिले. कपाटात फिरणारे पाणी बंद चक्रातले; काहीशे लिटर, आणि तेच वर्षानुवर्षे फिरते. परंतु त्या पाण्याने उचललेली ऊब कोठेतरी टाकावी लागते. ती छपरावरच्या कूलिंग टॉवरमध्ये टाकली, तर तो टॉवर म्हणजे भला मोठा माठच. एक युनिट विजेची ऊब घालवायला सुमारे दीड लिटर पाणी वाफ होऊन जाते. ३० किलोवॅटचे कपाट दिवसाला ७२० युनिटे उष्णता देते. म्हणजे रोज हजार लिटरच्या वर पाणी उडाले. पाच हजार लिटरचा टँकर पाच दिवसही पुरायचा नाही! त्याऐवजी ऊब कोरड्या पंख्यांनी हवेत सोडली तर पाणी वाचते, पण उन्हाळ्यात वीज अधिक लागते. टॉवरला शुद्ध केलेले सांडपाणी वापरणे हा तिसरा मार्ग. त्या संस्थेने कोरडे पंखे निवडले होते.

तेव्हा आमच्या वाचकांची मुले-सुना अशा केंद्रांत नोकरीस असतील आणि जेवणाच्या पानावर कोणी अभिमानाने सांगेल की "आमचं पाणी बंद चक्रात फिरतं, थेंब वाया जात नाही," तर त्यांना प्रेमाने एवढेच विचारावे: ते खाली कपाटातले झाले, छपरावर माठ आहे की नाही? उत्तर काहीही येवो, प्रश्न विचारला जाणे महत्त्वाचे. दोन्ही घाम दिसायला सारखेच ओले. पण एक हवेकडून मिळालेला, दुसरा माठातून गेलेला. हिशेब मांडताना त्यांची गल्लत होता कामा नये.

महिन्याने आमचा विद्यार्थी पुन्हा आला. पैसे मिळाले होते. त्याने पेढे आणले आणि दाबाच्या परीक्षेची आपली ती वही आम्हांस दाखवली. तारीख, रात्रीची वेळ, पहाटेची वेळ, सहा किलो, आणि पुढे त्याच्या ओळखीच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेले: "काटा स्थीर." शब्दात दुसरी वेलांटी पडली होती. सवयीने आमचा हात खिशातल्या तांबड्या पेनाकडे गेला. पण काटा खरोखरच स्थिर होता, हे त्याने पहाटे पाच वाजता उठून स्वतः पाहिले होते. आम्ही वही मिटून त्याच्या हाती दिली.