‘अप्रगत’ ठरवण्याआधी डोळे तपासा

तिसरीतलं एखादं मूल मोठ्याने वाचताना ‘घर’ला ‘धर’ म्हणतं, ‘भात’चा ‘मात’ करतं. अनुस्वार गिळतं, रफार त्याच्या गावीही नसतो. दोन ओळी झाल्या की डोळे चोळतं आणि तिसरी ओळ सोडून पुन्हा दुसरीच वाचू लागतं. 2015 साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आल्यापासून अशा मुलांसाठी ‘अप्रगत’ हा शब्द शाळाशाळांत रुळला. यादीत नाव गेलं की जादा तास, वाचनकार्डं, पालकांना बोलावणं. डोळ्यांचं काय? ते तपासून झालेले असतात, कार्डावर ‘नॉर्मल’ असा शेराही असतो.

मेख तिथेच आहे. शाळेतल्या तपासणीत मुलाला तक्त्यापासून साधारण सहा मीटरवर उभं करतात, एक डोळा झाकायला लावतात आणि ‘ई’ची टोकं कोणत्या दिशेला आहेत ते विचारतात. फळ्यावरचं न दिसणारं, म्हणजे मायनस नंबरचं मूल यात बरोबर सापडतं. पण पुस्तक काही सहा मीटरवर नसतं. प्लस नंबरचं मूल हा तक्ता बहुधा धडाधड वाचून दाखवतं, कारण लहान वयात डोळा ताण देऊन ती उणीव भरून काढतो. पुस्तक जवळ घेतलं की हाच ताण वाढतो. अक्षरं पुसट होतात, कपाळ ठणकतं, आणि मूल पुस्तक मिटतं. मोठ्यांना तो आळस वाटतो. चार-पाच वर्षांच्या मुलांवरचा एक अमेरिकी अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. प्लस नंबर असूनही चष्मा न लावलेली मुलं अक्षरओळखीच्या, वाचनपूर्व चाचण्यांत मागे असल्याचं त्यात दिसलं.

यावरची प्राथमिक चाचणी फार महागडी नाही. प्लस दोन नंबरचं भिंग डोळ्यासमोर धरून तोच लांबचा तक्ता पुन्हा वाचायला द्यायचा. नंबर नसलेल्या डोळ्याला तो धूसर दिसतो. ज्या मुलाला तरीही स्पष्ट दिसतो, त्याला प्लस नंबर असण्याची शंका घ्यायची आणि पुढच्या तपासणीला पाठवायचं. सोबत पुस्तकाच्या अंतरावर धरायचा छोटा तक्ता हवा. एवढ्याने आजार पक्का होत नाही, पण शंका तरी येते.

त्यासाठी नवी यंत्रणा उभारायचीही गरज नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तर सुरुवातच फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरला झाली, आणि त्याची पथकं वर्षातून एकदा शाळेत येतात. पथक येतंच आहे, तर त्याच्या पेटीत एक भिंग जास्त का नसावं?

चष्मा मिळाला म्हणजे काम झालं, असंही नाही. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळांचा एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. चष्मा दिलेल्या मुलांची पुन्हा गाठ घेतली, तेव्हा तो नाकावर होता जेमतेम 30 टक्के मुलांच्या. कुणाचा मोडलेला, कुणाचा हरवलेला, कुणाला चिडवलेलं. वर्गात ‘ढापण्या’ म्हणून हाक बसली की चष्मा दप्तराच्या तळाशी जातो, हे सांगायला खरं तर अभ्यासही नको. मुलगी असेल तर घरातूनच ‘सारखा लावू नको’ असं ऐकू येतं.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराचा अनुभव म्हणूनच बोलका आहे. तिथे 2016 ते 2019 या काळात तिसरी ते सातवीच्या दोन हजारांवर विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला. शाळेतच तपासणी करून मोफत चष्मे दिल्यावर पहिल्या वर्षी वाचनाचे गुण सुधारले, आणि अभ्यासात सर्वांत मागे असलेल्या मुलांना सर्वाधिक फायदा झाला. दुसऱ्या वर्षी मात्र तो फायदा टिकलेला दिसला नाही. मुलांचं चष्मा लावणं कमी झालं असावं, हे त्यामागचं एक संभाव्य कारण मानलं गेलं.

अडखळणाऱ्या प्रत्येक मुलाचा दोष डोळ्यांतच शोधणं हा मात्र उलटा अतिरेक ठरेल. डिस्लेक्सिया हा भाषेवर प्रक्रिया करण्यातला अडथळा आहे, नजरेचा नव्हे. रंगीत काचांचे चष्मे किंवा डोळ्यांचे व्यायाम विकून तो बरा करण्याचा दावा कुणी करत असेल, तर पालकांनी खिशाला हात घालण्याआधी नेत्रतज्ज्ञाला विचारावं. डोळे आधी तपासायचे ते एवढ्यासाठीच, की दुसऱ्या कारणांचा शोध वेळेत सुरू व्हावा. ‘आळशी डोळा’ असेल तर उपचार सात-आठ वर्षांच्या आत सुरू झालेले बरे. तोपर्यंत मूल दुसरी-तिसरीत पोचलेलं असतं.

शिक्षण विभागाने दोन गोष्टी मनावर घ्याव्यात. ‘अप्रगत’ यादीत नाव घालण्यापूर्वी जवळच्या नजरेची तपासणी झाल्याची नोंद सक्तीची करावी. आणि चष्म्याच्या खर्चात दुसऱ्या जोडीचीही तरतूद ठेवावी. मुलाच्या हातून चष्मा मोडणारच, आणि पथक तर पुढच्या वर्षी येणार.