मैदानाबाहेरचा माणूस

फुटबॉलच्या सामन्यात बावीस जण धावतात आणि तेविसावा शिट्टी फुंकतो, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु वाचकहो, तेथे आणखी एक माणूस असतो. त्याला चेंडूस पाय लावण्याची मुभा नसते. त्याच्यासाठी नियमपुस्तकाने एक चौकट आखून दिलेली आहे : राखीव खेळाडूंच्या बाकाच्या दोन्ही अंगांना एकेक मीटर, आणि पुढे सीमारेषेच्या एक मीटर अलीकडेपर्यंत. एवढ्या जागेत नव्वद मिनिटे येरझाऱ्या घालाव्यात, हातवारे करावेत, ओरडावे, आणि संघ हरला की सर्वांआधी त्याचे उत्तर आपण द्यावे, हे त्याचे काम. इंग्रज त्याला मॅनेजर म्हणतात. आपल्याकडे तो मुख्य प्रशिक्षक असतो, आणि हा भेद केवळ नावाचा नाही. इंग्लंडात जुन्या पद्धतीच्या मॅनेजरच्या हाती खेळाडू घेण्या-सोडण्याचेही अधिकार असत. येथे ते बहुतांशी संघाचे मालक आणि क्रीडासंचालक यांच्याकडे असतात. प्रशिक्षकाच्या वाट्यास येते ती उरलेली माणसे आणि संपूर्ण दोष.

आम्ही बेंगळूरुस बिऱ्हाड केले, तेव्हा माझा फुटबॉलशी संबंध सासरच्या नात्याने एवढाच होता. मामंजी कोल्हापूरचे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे सामने पाहत त्यांचे आयुष्य गेले. त्यातली त्यांची तालीम कोणती हे येथे सांगत नाही, निम्मे कोल्हापूर रागावेल. येथे आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी श्री कंठीरव स्टेडियमचा पत्ता शोधून काढला आणि सोबतीस कोणी नाही म्हणून मला नेले. पुढे त्यांचे गुडघे कुरकुरू लागले तरी माझे जाणे थांबले नाही. कब्बन पार्काच्या मेट्रो स्थानकावर उतरायचे आणि निळ्या सदऱ्यांच्या घोळक्यातून चालत जायचे. प्रेक्षक आणि मैदान यांमध्ये तेथे धावण्याची मार्गिका असल्यामुळे खेळाडू जरा दूरच दिसतात. प्रशिक्षक तर एक छोटी आकृती.

या शहरास फुटबॉल नवा नाही. मुंबईचा रोव्हर्स चषक 1937 साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने जिंकला आणि पुढील वर्षी पुन्हा जिंकला. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचा पहिला गोल केला तो बेंगळूरुच्या सारंगपाणी रामन यांनी, फ्रान्सविरुद्ध. परंतु बेंगळूरु एफसी हा आजचा संघ जन्मला 2013 साली, आणि पहिल्याच हंगामात त्याने आय-लीग जिंकली. 2016 मध्ये पुन्हा जिंकली. त्याच वर्षी एएफसी चषकाची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. 2019 च्या मार्चमध्ये मुंबईस झालेल्या अंतिम सामन्यात राहुल भेके या मुंबईकर खेळाडूने जादा वेळेत डोक्याने गोल केला, गोव्याचा संघ हरला आणि इंडियन सुपर लीगही घरी आली. सहा वर्षांत इतके पदरात पडलेल्या लेकरास पुढे नकार ऐकवत नाही. आम्हा प्रेक्षकांचे तसेच झाले.

ते अजिंक्यपद मिळवून देणारे प्रशिक्षक कार्लेस कुआद्रात यांना 2021 च्या जानेवारीत, लागोपाठ तीन पराभवांनंतर, जावे लागले. महामारीमुळे ती स्पर्धा गोव्यात, रिकाम्या मैदानांवर चालली होती. त्यामुळे त्यांच्या जाण्यात आमच्या आरोळ्यांचा हात नव्हता. सायमन ग्रेसन यांच्या बाबतीत मला तसे म्हणता येत नाही.

ग्रेसन 2022 च्या जूनमध्ये आले. पूर्वी ते इंग्लंडच्या लीड्स संघाचे मॅनेजर होते. तो संघ तिसऱ्या श्रेणीत असताना 2010 च्या जानेवारीत त्याने मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच मैदानावर हरवले होते. येथे आल्यावर त्यांनी प्रथम ड्युरंड चषक जिंकला. मग लीगमध्ये संघ घसरला, आणि ‘हा गृहस्थ किती दिवसांचा?’ असे पानटपरीवरही बोलले जाऊ लागले. तेव्हा त्यांनी एक धाडस केले. सुनील छेत्रीसारख्या दैवतास वेळोवेळी राखीव बाकावर बसवून शिवशक्ती नावाच्या तरुणास पुढे काढले. हे करावयास छाती लागते. देव्हाऱ्यातील मूर्ती हलवावी तसे ते होते. संघाने लागोपाठ आठ सामने जिंकले. 3 मार्च 2023 रोजी केरळविरुद्ध बदली म्हणून आलेल्या त्याच छेत्रीने, समोरचा संघ भिंत रचण्याच्या खटपटीत असता, चटकन फ्री किक मारून गोल केला. पंचांनी तो ग्राह्य धरला आणि केरळचा संघ मैदान सोडून गेला. तो गोल खिलाडूपणाचा की नाही, यावर आमच्या घरी तीन दिवस वाद चालला. मामंजी केरळच्या बाजूचे होते. 18 मार्चला गोव्यात अंतिम सामना दोन-दोन गोलांनी बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर मोहन बागान जिंकले. त्या रात्री मी ग्रेसनना मनोमन दंडवत घातले होते.

नऊ महिन्यांनी याच मनाने काय केले ते आता सांगते.

त्या उन्हाळ्यात रॉय कृष्णा ओडिशाकडे गेला. संदेश झिंगन आणि उदांता सिंग गोव्याकडे गेले. नवा हंगाम सुरू झाला तेव्हा छेत्री आशियाई क्रीडास्पर्धेसाठी चीनमध्ये होता. पहिले दोन्ही सामने परगावी होते आणि दोन्ही हरले. पुढे बरोबरी, पराभव, पुन्हा बरोबरी. शुक्रवार, 8 डिसेंबर 2023 रोजी मुंबई सिटीचा संघ कंठीरवावर आला. वास्तविक मुंबईचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम नोव्हेंबरातच ऑक्सफर्डला निघून गेले होते. अस्थिर घर खरे तर त्यांचे होते. भेकेही त्या हंगामात त्यांच्याच गोटात. आम्ही शून्य-चार असे हरलो.

पराभवाची सवय असते, पण स्वतःच्या अंगणात चार गोल म्हणजे अपमान वाटतो. माझ्या मागील रांगेतील एक तरुण चौकटीतल्या त्या आकृतीस उद्देशून ‘घरी जा’ असे कानडीत ओरडला. दुसऱ्याने तेच इंग्रजीत म्हटले. मग मीही ओरडले. मराठीत, आणि त्यात दोन शब्द असे होते की ते या पानावर छापता येणार नाहीत. एका सभ्य गृहिणीस, दिवसभर दुसऱ्यांच्या वाक्यांतील कटुता सौम्य करण्याचे वेतन घेणाऱ्या भाषांतरकर्तीस, ते शब्द इतक्या सहज सुचावेत याचे मला परतीच्या गाडीत नवल वाटले. लाज वाटली नाही. ती दुसऱ्या दिवशी वाटली.

कारण दुसऱ्याच दिवशी संघाने ग्रेसन यांच्याशी मार्ग वेगळे झाल्याचे जाहीर केले. क्रीडापृष्ठांची ही भाषा मोठी मऊ असते. आपल्याकडे यास ‘नारळ देणे’ म्हणतात, आणि तो शब्दप्रयोग मला अधिक प्रामाणिक वाटतो. ज्या नारळाने सत्कार करायचा, तोच हाती ठेवून दार दाखवायचे.

मी बातमी वाचून दाखवली. मामंजी म्हणाले, ‘‘सूनबाई, वस्तादाला कधी कोण हाकलतंय व्हय? पैलवान पडला तर पैलवान बदलत्यात.’’

मी म्हटले, ‘‘मामंजी, सगळे खेळाडू एका दिवसात बदलता येत नाहीत. माणूस एकच बदलता येतो, म्हणून तो बदलतात.’’

‘‘मग त्याला कारण म्हणू नगा. सोय म्हणा.’’

या वाक्याशी मी बराच काळ झगडले. इंग्लंडात खालच्या श्रेणीत ढकलले जाण्याचे भय असते. त्यात संघाचे उत्पन्न बुडते, म्हणून मालकांची घाई निदान समजू शकते. आमच्या लीगमध्ये त्या हंगामात तसे काही नव्हते. तळाशी गेलो असतो तरी पुढच्या वर्षी तेथेच खेळलो असतो. म्हणजे त्या माणसावरचा दाब प्रतिष्ठेचा होता, जाहिरातदारांचा असेल, आणि आमच्या आवाजाचा होता. तथापि मामंजींचे सगळेच मी मान्य करीत नाही. संघास दिशा उरली नव्हती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. तिकीट काढून येणाऱ्यास राग व्यक्त करण्याचा अधिकार असतो, हेही मी सोडणार नाही. फक्त त्या रात्री माझ्या रागात आदल्या मार्चची कणभरही आठवण नव्हती.

पुढे जेरार्ड सारागोसा आले. ते पूर्वी येथेच कुआद्रात यांचे सहायक होते. त्यांच्याही हाती संघ सावरला नाही. बारा संघांत आम्ही दहावे आलो. यावेळी मात्र नारळ निघाला नाही. पुढल्या हंगामात, 29 मार्च 2025 रोजी, त्याच मैदानावर त्याच मुंबईला आम्ही पाच-शून्य असे हरवले आणि 12 एप्रिलला कोलकात्यात अंतिम सामना खेळलो. तो जादा वेळेत एक-दोन असा गेला, ही गोष्ट वेगळी. ग्रेसनना तेवढीच मुदत मिळाली असती तर काय घडले असते, हे मात्र कोणत्याच गुणतक्त्यात सापडत नाही.

एक सायंकाळ सांगावयाची राहिली. 14 सप्टेंबर 2024 रोजी ईस्ट बंगालचा संघ कंठीरवावर आला होता, आणि त्यांच्या चौकटीत उभे होते कुआद्रात. त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी ईस्ट बंगालला सुपर चषक मिळवून दिला होता. बारा वर्षांनी त्या संघास राष्ट्रीय पातळीवरील चषक मिळाला होता. मामंजींचे गुडघे त्या दिवशी बरे होते, म्हणून आम्ही दोघेही गेलो होतो. खेळ सुरू होण्यापूर्वी मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. ‘‘आता तो परका,’’ मामंजी म्हणाले, पण तेही काठीवर हात टेकून उठले. आम्ही एक-शून्य असे जिंकलो. ईस्ट बंगाल पुढील दोन्ही सामने हरले, आणि 30 सप्टेंबरला कुआद्रात यांनी तेथूनही निरोप घेतला.

मी ती बातमी वाचून दाखवली तेव्हा मामंजी अडकित्त्याने सुपारी कातरीत होते. ‘‘किती सामने झालं?’’ त्यांनी विचारले. मी म्हटले, तीन. त्यांनी उरलेली अर्धी सुपारी डब्यात ठेवली आणि पुढच्या शनिवारी कोणाशी सामना आहे ते पाहावयास सांगितले.