आखूड दाण्याच्या तांदळाची परदेशी मागणी आणि आपले भात

२०२५ साली भात निसवण्याच्या सुमारास मावळातील एका गावी शेतकऱ्यांची बैठक भरली होती. करप्याविषयीचे बोलणे संपत आले असता एक तरुण शेतकरी उठून म्हणाला, "साहेब, जपानात तांदूळ किलोला साडेचारशे रुपयांवर गेला म्हणतात. त्यांचा तांदूळ आखूड दाण्याचा, आमचा आंबेमोहरही आखूड दाण्याचा. मग आमच्या भाताला तिकडे गिऱ्हाईक का मिळू नये? आणि आमचा चालत नसेल, तर त्यांचे बी तरी आम्हाला का मिळू नये?" प्रश्न साधा होता, परंतु त्याचे नीट उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करीत आहे. असा प्रश्न ज्या गावात विचारला जातो त्या गावी परदेशी बियाण्याचे पाकीट आणि निर्यातीचे आश्वासन घेऊन कोणी ना कोणी पोहोचतोच. त्याच्या आधी आपला कार्यकर्ता तेथे पोहोचलेला बरा.

जपानमधील भावाची वार्ता खरी आहे. २०२३ च्या उन्हाळ्यातील उष्णतेने तेथील पिकाची प्रत बिघडली, २०२४ च्या उन्हाळ्यात दुकानांतील फळ्या रिकाम्या पडल्या, आणि २०२५ च्या वसंतात पाच किलोची पिशवी चार हजार येनांच्या वर, म्हणजे आदल्या वर्षीच्या सुमारे दुपटीवर गेली. सरकारला आपल्या राखीव साठ्याची कोठारे उघडावी लागली. परंतु भाव वाढला म्हणून दार उघडले असे मात्र नव्हे. जागतिक व्यापार कराराप्रमाणे जपान दरसाल सुमारे पावणेआठ लाख टन तांदूळ सवलतीने आयात करतो. त्याहून अधिक जो येईल त्याला किलोमागे ३४१ येन, म्हणजे सुमारे दोनशे रुपये जकात द्यावी लागते. दक्षिण कोरियाचीही रीत तीच. तेथे ४ लाख ८ हजार ७०० टनांवर एक किलोही नेल्यास जकात ५१३ टक्के पडते. एवढी जकात भरूनही २०२५ मध्ये जपानी व्यापाऱ्यांनी जो तांदूळ मागविला तो मुख्यत्वे कॅलिफोर्नियातील 'कॅलरोज' होता. तो तेथील भाताच्या कुळातला व शिजल्यावर तसाच होणारा आहे.

येथे एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९९३ साली जपानात उन्हाळा असा थंड गेला की भाताचे पीक सुमारे चौथ्या हिश्शाने बुडाले. सरकारने घाईघाईने पंचवीस लाख टनांच्या आसपास तांदूळ बाहेरून आणला, त्यात थायलंडचा लांब दाण्याचा तांदूळ पुष्कळ होता. थायलंडचा तांदूळ काही हलका नव्हे. जगात त्याला मान आहे. तरीही जपानी गृहिणीने तो नाकारला. दुकानदारांनी देशी तांदळात मिसळून तो खपविण्याचा प्रयत्न केला, तोही साधला नाही. टंचाईच्या वर्षीही ज्याने आपल्या जिभेची सवय सोडली नाही, तो सुकाळात आपला आंबेमोहर घेईल असे समजणे धाडसाचे आहे.

मग 'आखूड दाणा' म्हणजे काय, हा प्रश्न उरतो. आपल्याकडे सहा मिलिमीटरपेक्षा कमी लांबीचा तांदूळ आखूड धरतात आणि लांबी-रुंदीच्या प्रमाणावरून त्याचे जाड व बारीक असे प्रकार पाडतात. युरोपातील नियमाप्रमाणे गोल दाण्याचा तांदूळ ५.२ मिलिमीटरपर्यंतच लांब असतो आणि त्याची लांबी रुंदीच्या दुपटीहून कमी असते. ही झाली मोजपट्टीची भाषा. परंतु खाणारा मोजपट्टी घेऊन पानावर बसत नाही. तांदळातील पिष्टात अमायलोज नावाचा एक घटक असतो. तो अधिक असला की भात मोकळा व फडफडीत होतो, कमी असला की शिते एकमेकांना धरून राहतात. जपानी जातींत तो बेताचाच असतो, म्हणून त्यांचा भात काड्यांनी उचलता येतो आणि थंड झाल्यावरही कडक होत नाही. इटलीतील पो नदीच्या खोऱ्यात पिकणारा आर्बोरिओ ढवळता ढवळता सायीसारखा होतो, आणि त्यासाठीच तो घेतला जातो. स्पेनमधील बोम्बा रस भरपूर शोषूनही फुटत नाही, म्हणून त्याला मान. तिघेही आखूड दाण्याचे. पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आपल्या आंबेमोहराची अगर आजऱ्याच्या घनसाळाची ओळख सुवासाची व मऊपणाची आहे. सुवासाचा भात जपान्याला रोजच्या जेवणात नकोच असतो.

(बाजारात 'शॉर्ट' म्हणून कणीचीही चौकशी होते, तीही निराळी समजावी. सेनेगलसारख्या देशांत कणीचा भात आवडीने खातात व आपल्याकडून ती मोठ्या प्रमाणात जाते. परंतु तो गिरणीत तुटलेला दाणा आहे, आखूड जातीचा नव्हे.)

जपानी वळणाच्या तांदळाचा परदेशी पुरवठा थोड्याच ठिकाणांहून होतो, त्यांतील दोन मोठी म्हणजे कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोचे खोरे आणि ऑस्ट्रेलियातील मरे व मरमबिजी नद्यांचा प्रदेश. दोन्ही ठिकाणची शेती धरणाच्या पाण्यावर. पाणी आटले की पीक आटते. ऑस्ट्रेलियात चांगल्या वर्षी दहा लाख टनांच्या वर भात होते. सलग अवर्षणानंतर २००८ च्या हंगामात ते वीस हजार टनांच्याही खाली गेले. २०२२ साली कॅलिफोर्नियातील लागवड अवर्षणामुळे निम्म्यावर आली. अशा वर्षी भाव चढतात, वर्तमानपत्रांत मथळे येतात, आणि आमच्या बैठकीत तो तरुण उठून उभा राहतो. पण जी पोकळी दुसऱ्याच्या अवर्षणाने पडते ती त्याच्या पहिल्या चांगल्या पावसाने भरूनही निघते. तिच्या भरवशावर आपण खाचरातील बी बदलू नये. शिवाय जपानी जाती समशीतोष्ण हवेतील, उन्हाळ्याच्या लांब दिवसांत वाढणाऱ्या आहेत. आपल्या खरिपात त्या पुरेसे फुटवे येण्याआधीच निसवतात व लोंबी तोकडी राहते. संशोधन केंद्रावर त्यांचे प्रयोग अवश्य व्हावेत. दोन एकरांच्या धन्याने ते आपल्या पोटावर करू नयेत.

आता दुसरी बाजू. आपल्या आखूड दाण्याला परदेशात मुळीच मागणी नाही काय? आहे, पण ती ज्याने हा भात लहानपणी खाल्ला त्याची आहे. बंगालचा गोविंदभोग आखाती देशांत व युरोपात जातो तो बंगाली माणसाच्या पायसासाठी. वायनाडचा जीरकसाला मल्याळी माणसाच्या बिर्याणीसाठी जातो. दुबईतील अगर न्यू जर्सीतील मराठी घरात वरणभाताला, आजाऱ्याच्या मऊ भाताला, बाळाच्या पहिल्या घासाला जो तांदूळ लागतो तो बासमती नव्हे. त्या घरी कोलमची पिशवी येते, आणि मिळाला तर आंबेमोहर. ही मागणी जहाजे भरणारी नाही. जगाचा तांदूळ-व्यापार वर्षाला साडेपाच-सहा कोटी टनांचा, त्यात भारताचाच वाटा सुमारे चाळीस टक्के. त्या राशीत आपल्या सुवासिक तांदळाचे पोते शोधूनही सापडणार नाही. परंतु मुळशी व मावळची लागवड तरी कुठे समुद्राएवढी आहे? लहान पिकाला लहान पण नेमाने येणारे गिऱ्हाईक पुरते.

हे गिऱ्हाईक आजवर नीट सांभाळले गेले नाही, त्यात काही दोष धोरणाचा आणि काही आपला. २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली. देशातील भाव आवरण्यासाठी ती आवश्यक मानली गेली, व त्याविषयी मला येथे वाद घालावयाचा नाही. परंतु त्या वेळी जकातीच्या यादीत बासमती आणि 'इतर' एवढाच काय तो भेद असल्यामुळे, दोनशे रुपये किलोचा सुवासिक तांदूळ व तीस रुपयांचा जाडाभरडा एकाच जाळ्यात सापडले. एप्रिल २०२४ मध्ये उत्तर प्रदेशच्या काळानमकाला एक हजार टनांपुरती वेगळी परवानगी मिळाली. आपल्या आंबेमोहरासाठी तशी मुभा निघाली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये बंदी उठली, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात भौगोलिक मानांकन लाभलेल्या तांदळासाठी जकातीच्या यादीत निराळे सांकेतांक करण्यात आले. ही लहानशी दिसणारी सुधारणा माझ्या मते फार मोलाची आहे. पुन्हा कधी बंदी आली तर मानांकित तांदूळ वेगळा काढता येईल, मात्र तो मानांकित असल्याचे कागदावर सिद्ध झाले पाहिजे.

कागद म्हटला की आपण मागे सरतो. मुळशीचा आंबेमोहर व आजऱ्याचा घनसाळ यांस २०१६ साली, वाड्याच्या कोलमाला २०२१ साली मानांकन मिळाले. परंतु मानांकन संघाच्या नावे असते. शेतकऱ्याने स्वतःचे नाव अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदविल्याखेरीज त्याच्या पोत्याला त्या नावाचा कायदेशीर आधार मिळत नाही. ही नोंदणी दहा वर्षांची असते व नंतर तिचे नूतनीकरण करावे लागते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एका उन्हाळ्यात आपल्या गावातील सर्व आंबेमोहर-उत्पादकांचे अर्ज भरून घेतले, तर कित्येक व्याख्यानांहून ते अधिक उपयोगी पडेल. आज पुण्याच्या पेठेत आंबेमोहर म्हणून जे विकले जाते त्यातील पुष्कळसा तांदूळ परप्रांतातून येणारा, दिसण्यात तसाच पण दुसऱ्या जातीचा असतो. आपले नाव दुसऱ्याच्या पोत्यावर, आणि आपले भात मात्र नावावाचून गिरणीत, अशी ही स्थिती आहे.

हमीभावाच्या केंद्रावर तर या भाताला आश्रय मुळीच नाही. सरकारी खरेदीत तांदळाची लांबी रुंदीच्या अडीचपट वा अधिक भरली तर भात 'अ' दर्जाचे, नाहीतर साधारण. २०२५-२६ साठी साधारणास क्विंटलला २,३६९ रुपये व 'अ' दर्जाला २,३८९ रुपये ठरले. म्हणजे आखूड-जाड दाण्याचे सुवासिक भात तेथे साधारणात मोडते. सुवास मोजण्याचे साधन त्या काट्यावर नाही. सबब हे भात ज्याने लावले त्याने गिऱ्हाईक आधी पाहिले पाहिजे.

उत्पन्नाचा हिशेबही स्वच्छ मांडावा. जुना आंबेमोहर उंच वाढतो, लोळतो, करप्याला लवकर बळी पडतो आणि हेक्टरी अठरा-वीस क्विंटलांवर सहसा जात नाही. वडगाव मावळच्या केंद्राने आंबेमोहर-१५७ व आय. आर. ८ यांच्या संकरातून काढलेली व १९८७ साली प्रसारित झालेली इंद्रायणी त्याच शिवारात दुपटीने पिकते. तेव्हा आंबेमोहराला इंद्रायणीच्या दुप्पट भाव मिळत नसेल तर तो लावणारा तोट्यात आहे, मग परदेशातील भाव काहीही असोत. सर्वांनी आंबेमोहर लावावा असे मी कधीच म्हणणार नाही. ज्याच्या खाचरात पाणी चांगले टिकते त्याने मुख्य पीक इंद्रायणीचे घ्यावे. आणि ज्यांच्या घरी जुने बी आहे अशा पाच-दहा जणांनी सलग एका पट्ट्यात आंबेमोहर लावून एकत्र विकावा. विखुरलेल्या गुंठ्यांतून निर्यातीचा माल कधी गोळा होत नाही.

जपानकडून बी आणण्यापेक्षा तेथील एक रीत मात्र अवश्य आणावी. तेथे दुकानातील तांदळाच्या पिशवीवर प्रांत, जात व पिकाचे वर्ष ही तिन्ही छापलेली असतात. नीगाता प्रांतातील उओनुमा भागाच्या कोशिहिकारीला जो भाव येतो तो त्या तीन शब्दांचा असतो. कोशिहिकारी ही १९५६ सालची जात; ती आजही टिकली, कारण तिचे बी शुद्ध ठेवले गेले. आपल्याकडेही हे अशक्य नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातील निराळ्या लोंब्या डोळ्यांनी हेरून, त्या वेगळ्या वाढवून 'एच. एम. टी.' हे बारीक दाण्याचे भात दिले. त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती.

युरोपकडे पाहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. करप्यावर आपण सर्रास फवारतो त्या ट्रायसायक्लॅझोलचा अंश तेथे २०१८ पासून किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक चालत नाही. बासमतीवाल्यांना याचा चटका बसून गेला आहे. नत्र बेताने व विभागून दिले, रोप दाट लावले नाही, तर करप्याचा जोर बराच कमी होतो. कापणी दाणा पुरता कडक होऊन तडकण्याच्या आधी करावी, आणि भात रणरणत्या उन्हात एकदम न वाळविता सावलीत हळूहळू वाळवावे. घाईने वाळविल्यास गिरणीत कणी वाढते आणि सुवासही जातो.

त्या बैठकीनंतर मी त्या तरुणाच्या घरी गेलो. कणगीतील बियाणे त्याने मूठभर काढून सुपात पसरले. त्याच्या आजोबांच्या वेळचे बी, असे तो म्हणत होता. सुपात तीन निरनिराळ्या आकारांचे दाणे निघाले. काही दाण्यांना कूस होते, काहींना नव्हते. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे आमच्याकडेच आंबेमोहर नाही की." दिवाळीनंतर त्याने उभ्या पिकात फिरून एकसारख्या लोंब्या निवडल्या व त्यांचे बी निराळ्या मडक्यात भरून ठेवले आहे. येत्या खरिपात दोन गुंठ्यांचे खाचर बाजूस काढून, प्रत्येक लोंबीची एक ओळ याप्रमाणे तो लावणी करणार आहे. निसवा झाला म्हणजे भेसळ काढण्यासाठी मी जाईन.