अठरा वर्षं लागलेली खात्री

परवा विष्णुपुरीत विद्यापीठाबाहेर चहा घेताना इराणच्या तुरुंगातल्या ब्रिटिश-इराणी कैद्यांचा विषय निघाला. एक मित्र म्हणाला, "दोन-दोन पासपोर्ट बाळगतात, मग भोगा म्हणावं." मला हे पटलं नाही. नाझनीन झगारी-रॅटक्लिफला २०१६ला तेहरानच्या विमानतळावर पकडलं. इराण दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून ब्रिटिश वकिलातीला तिला भेटू दिलं नाही. २०२२ला ती सुटली, नेमकी ब्रिटनने शहाच्या काळातल्या रणगाड्यांचे सुमारे ४० कोटी पौंड चुकते केले तेव्हा. व्यवहार दोन सरकारांचा आणि तारण ठेवली एका लेकराची आई!

आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाहीच. पण ज्यांचा देश एकच, त्यांनाही तो देश "आमचा माणूस" म्हणायला किती वेळ लावतो?

आपल्या औरंगाबादची एक बाई नवऱ्याच्या नातेवाइकांना भेटायला पाकिस्तानात गेली. लाहोरात पासपोर्ट हरवला, तुरुंगात पडली. जानेवारी २०२१मध्ये परतली, तेव्हा अठरा वर्षं गेली होती आणि वय ६५. औरंगाबादेत तिच्या नावावर घर असल्याचं पोलिसांनी कळवलं, तेव्हा कुठे तिचा मार्ग मोकळा झाला. घर इथेच होतं, नोंद इथेच होती. परतल्यावर पंधरवड्यात ती वारली.

भारत-पाकिस्तानमध्ये २१ मे २००८चा करार आहे. अटकेनंतर तीन महिन्यांत वकिलातीच्या अधिकाऱ्याची भेट. शिक्षा संपून राष्ट्रीयत्वाची खात्री झाली की महिनाभरात सुटका. दर १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्याही दिल्या-घेतल्या जातात. गोम त्या 'खात्री'त आहे. ती किती दिवसांत करायची, याला मुदतच नाही.

कुलभूषण जाधवांसाठी सरकार हेगच्या न्यायालयात गेलं, २०१९ला जिंकलं. योग्यच केलं. मुंबईचा हमीद अन्सारी २०१२ला व्हिसाशिवाय पाकिस्तानात शिरला, हा त्याचा वेडेपणाच. पण तो जिवंत आहे हे त्याच्या आईला २०१६ला कळलं, तेही पेशावरच्या हायकोर्टात दाद मागितल्यामुळे. त्याच्यासाठी पेशावरच्या वकिलांनी खटला लढवला आणि त्याचा माग काढणारी पाकिस्तानी पत्रकार झीनत शहजादी स्वतःच दोन वर्षं गायब झाली. डिसेंबर २०१८ला तो परतला तेव्हा सुषमा स्वराज यांनी मायलेकांना जवळ घेतलं, हेही सांगायला हवं.

आणि आम्ही? आमचे पुढारी पॅलेस्टाईनवर तासभर बोलतात, औरंगाबादच्या बाईवर गप्प. कारण ठाऊक आहे. पाकिस्तानचं नाव मुसलमानाच्या तोंडून निघालं की लोक वाक्य पूर्ण ऐकत नाहीत. पोलीस अ‍ॅक्शननंतर माझ्या आजीचा भाऊ कराचीला गेला; आजी त्याचं नाव दार लावून घ्यायची. आजीचं मी समजू शकतो. मतं मागायला दारोदार फिरणाऱ्यांचं नाही.

पाकिस्तानात शिक्षा संपलेले भारतीय किती, आपल्या तुरुंगात शिक्षा संपलेले पाकिस्तानी किती, आणि खात्रीला मुदत का नाही, हे लोकसभेत विचारा, असं पत्र मी नांदेड-लातूरच्या खासदारांना धाडलंय. खाली पूर्ण नाव आणि पत्ता घातलाय.